नाशिकचे वाचनजीवन: सरकारवाडा ते गंगापूर रोड

नाशिकमध्ये पुस्तके छापली गेली त्यापेक्षा वाचली गेली फार. मराठी ग्रंथव्यवहाराच्या नकाशावर पुण्याचे नाव प्रकाशकांमुळे आणि अप्पा बळवंत चौकामुळे येते, मुंबईचे छापखाने, नियतकालिके आणि रंगभूमी यांमुळे. नाशिकला यांपैकी काहीच त्या प्रमाणात उभे राहिले नाही. या शहराने उभे केले ते वाचनालय, व्याख्यानाचे पटांगण, साहित्यप्रेमींचे मंडळ आणि पुस्तके फिरवणारी पेटी. लेखकही इथे मोठे झाले, पण त्यांची पुस्तके आणि नाटके बहुतेक वेळा बाहेरगावी जाऊन वाचकांसमोर आली. नाशिकचे साहित्यजीवन म्हणजे मुख्यतः वाचकांनी आणि श्रोत्यांनी वर्गणी काढून चालवलेला संसार. गोदाकाठच्या सराफ बाजारात तो सुरू झाला, तिथून टिळक पथावर आला आणि पुढे पश्चिमेला गंगापूर रोडकडे सरकला.

छापील पुस्तक येण्याआधीही गोदाकाठी लिहिण्या-वाचण्याचा मोठा व्यवहार होता. नाशिक हे तीर्थक्षेत्र. श्राद्ध, तीर्थविधी आणि सिंहस्थ यांच्या निमित्ताने देशभरातून यजमान येत. तीर्थोपाध्याय त्यांची नावे, गाव, कुळ, पूर्वी येऊन गेलेले वाडवडील यांच्या नोंदी वह्यांमध्ये ठेवत. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या वंशावळींवर उपाध्याय घराण्यांचा हक्क असे, आणि कोणते गाव कोणाकडे हे त्यांवरूनच ठरे. वेदपाठशाळा आणि कीर्तन-पुराणाच्या परंपरेमुळे हस्तलिखित पोथ्याही घरोघरी होत्या. पण हे सारे लेखन ज्याचे त्याच्या ताब्यात असे. पोथी शिष्याला मिळे, वही मुलाला मिळे. वर्गणी भरणाऱ्या कोणालाही पुस्तक घरी नेता यावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली.

ती नाशिकला १८४० साली आली. त्या वर्षी स्थापन झालेले ग्रंथालय आज सार्वजनिक वाचनालय, नाशिक या नावाने चालते. गावात त्याला ‘सावाना’ म्हणतात. पेशवाईचा अंमल संपून जेमतेम दोन दशके झाली होती. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८चे आणि अहमदनगरचे १८३८चे, म्हणजे नाशिकच्या आधीचे. पुण्याचे मात्र १८४८चे, नाशिकच्या नंतर आठ वर्षांनी. पुणेकरांना हे सहसा आठवत नाही आणि नाशिककर ते सहसा विसरत नाहीत.

१८४० साली वाचनालयात ठेवायला मराठी पुस्तके किती होती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, आणि ती १८५७ची. म्हणजे नाशिकचे वाचनालय मराठी कादंबरीपेक्षा सतरा वर्षांनी मोठे. त्या काळातल्या अशा ग्रंथालयांचा भर साहजिकच इंग्रजी ग्रंथांवर, शालेय उपयोगाच्या पुस्तकांवर आणि वृत्तपत्रांवर असे. कारकून, शिक्षक, वकील, मामलेदार कचेरीतले लोक असा नव्याने तयार झालेला वाचक ही पाश्चात्त्य वळणाची सोय वापरू लागला. मराठी पुस्तकांची संख्या वाढली तसा वाचकवर्ग बदलत गेला आणि वाचनालयाचे खरे आयुष्य त्यानंतरचे.

वाचनालय दीर्घकाळ सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात होते. पेशवेकाळात सरकारी कामकाजासाठी वापरला जाणारा हा वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. लाकडी खांब, चौक आणि दगडी पायऱ्या असलेली ही वास्तू आज राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. गोदावरीला पूर आला की जुन्या नाशिकमध्ये तो मोजण्याची मापे ठरलेली: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले, नारोशंकराच्या घंटेला लागले का, आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले का. अशा ठिकाणी ग्रंथसंग्रह ठेवणे शहाणपणाचे होते असे नाही. मात्र गावाच्या दृष्टीने जागा मोक्याची होती. सोनाराच्या पेढीवर, भांडी बाजारात किंवा घाटावर जाणारा माणूस वाटेत पुस्तक बदलून घेऊ शकत होता. पुढे टिळक पथावर वाचनालयाची स्वतःची इमारत झाली आणि सरकारवाड्याचा संबंध संपला. तिथे परशुराम सायखेडकर नाट्यगृह आणि जुन्या वस्तूंचे संग्रहालयही वाचनालयाच्या छत्राखाली आले.

पुस्तकामुळे माणसाला जन्मठेप होऊ शकते, हे नाशिकने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाहिले. सावरकर बंधू तिळभांडेश्वराच्या गल्लीत राहत. १९००च्या सुमारास तिथे मित्रमेळा सुरू झाला आणि १९०४ साली त्याचे अभिनव भारत झाले. या मंडळींची प्रचाराची पद्धत बरीचशी वाङ्मयीन होती. साप्ताहिक बैठकांत निबंध आणि व्याख्याने, उत्सवांत पोवाडे आणि पदे. विनायक दामोदर सावरकरांनी बाजीप्रभू आणि सिंहगड या विषयांवर पोवाडे रचले. त्याच गल्लीतले गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, यांची पदे गावात गायली जात. पायांनी अधू असलेला हा कवी फारसा हिंडू-फिरू शकत नव्हता. त्याची गाणी मात्र मेळ्यांतून सर्वदूर गेली.

थोरले बंधू बाबाराव सावरकर यांनी कवी गोविंदांच्या कविता ‘लघु अभिनव भारतमाला’ या पुस्तिकेत छापल्या. त्यातल्या काही कविता राजाविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्या आहेत, असा आरोप ठेवून १९०९ साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता दुसऱ्याच्या, शिक्षा छापणाऱ्याला. त्या काळच्या सरकारला प्रकाशकाचे महत्त्व नीट कळले होते, असे म्हणायला हरकत नाही. हा खटला ज्यांच्या हाताखालून पुढे गेला ते जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन स्वतः संस्कृतचे जाणकार आणि लोकसाहित्याचे अभ्यासक. त्यांच्या टिपणांवर आधारलेले लोककथांचे आणि लोकरूढींचे संकलन पुढे एन्थोवेन यांनी प्रसिद्धीस आणले. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला जॅक्सन आले असताना क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कवितेची पुस्तिका, ग्रंथप्रेमी अधिकारी आणि नाटकाचे थिएटर एकाच घटनेत गुंतलेली, आणि सारे काही जुन्या नाशिकच्या चालत जाण्याइतक्या परिसरात. पुढची काही वर्षे गावात पहारा, झडत्या आणि संशय यांचे वातावरण राहिले. वर्षभरात, १९१० साली, देशभर लागू होणारा वृत्तपत्र कायदाही आला आणि छापखानदारांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

विसाचे दशक नाशिकच्या सार्वजनिक जीवनात पुन्हा जाग आणणारे ठरले. या दशकाच्या सुरुवातीला वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झालेल्या मालेचा आदर्श समोर होता. नाशिकची माला मे महिन्यात, गोदाघाटावरच्या देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. दिवसभराच्या उन्हाने दगड तापलेला असतो, संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो आणि ऐकणारे खुर्च्यांवर, सतरंज्यांवर, घाटाच्या पायऱ्यांवर बसतात. तिकीट नसते. देवदर्शनाला किंवा नुसते फिरायला आलेला माणूसही अर्धे व्याख्यान ऐकून जातो. पुस्तक विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते किंवा वाचणे ज्यांना सरावाचे नव्हते, त्यांच्यापर्यंत इतिहास, अर्थकारण, साहित्य आणि विज्ञान पोहोचवण्याचे काम या पटांगणाने केले. वक्ते बाहेरून आणायचे, त्यांची राहण्या-जेवण्याची सोय कोणा स्थानिकाकडे करायची आणि खर्चाची तोंडमिळवणी देणग्यांतून करायची, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. नाशिकचा श्रोता चोखंदळ आहे अशी ख्याती वक्त्यांमध्ये झाली, तिचे मूळ या घाटावर आहे.

१९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकला महाविद्यालय काढले. हेच पुढचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘एचपीटी’. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी हे सोसायटीमागचे कर्ते पुरुष. आतापर्यंत मॅट्रिकनंतर शिकायला पुण्या-मुंबईला जाणारी मुले गावात राहू लागली. कवी, कथाकार व्हायचे वय गावातच सरू लागले, आणि त्याचा परिणाम लवकरच दिसला.

याच सुमारास, १९२५ साली, नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला. टपाल तिकिटे, मुद्रांक आणि १९२८ पासून चलनी नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. देशातला अत्यंत महागडा कागद नाशिकला छापला जाई आणि गावातल्या कवीला मात्र आपला संग्रह छापून घ्यायला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागे. यात विरोधाभास वाटला तरी कारण सरळ आहे. पुस्तकाचा धंदा यंत्रावर उभा राहत नाही, वितरणावर उभा राहतो. मुंबई रेल्वेने काही तासांवर होती. तिथून छापलेले पुस्तक स्टेशनावर उतरवून, स्टेशनापासून नऊ-दहा किलोमीटरवरच्या गावात आणणे हे स्वतःचे प्रकाशनगृह काढण्यापेक्षा स्वस्त पडे. मोठे शहर इतके जवळ असल्यामुळे नाशिकचा वाचक सुखी झाला आणि नाशिकचा प्रकाशक जन्माला येऊ शकला नाही.

विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज (१९१२–१९९९), यांची घडण या गावातली. बालपण पिंपळगाव बसवंतला, शाळा नाशिकचे न्यू इंग्लिश स्कूल, नंतर एचपीटी. विद्यार्थी असतानाच त्यांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात छापून आल्या. १९३२ साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९३३ साली ध्रुव मंडळ काढले आणि त्याच वर्षी ‘जीवनलहरी’ हा पहिला छोटा संग्रह आला. नंतर गोदावरी सिनेटोनसाठी पटकथा, एका चित्रपटात लक्ष्मणाची भूमिका, मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांत उमेदवारी असे बरेच काही करून झाले. ‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाली ती कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांनी स्वतः खर्च करून काढली म्हणून. प्रस्तावनाही त्यांचीच. मराठी कवितेतल्या या सर्वांत गाजलेल्या संग्रहांपैकी एकाचा कवी नाशिकचा आणि प्रकाशनामागचा हात कोल्हापूरचा. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन नाशिकला भरले आणि आचार्य अत्रे त्याचे अध्यक्ष होते.

शिरवाडकर चाळीसच्या दशकात नाशिकला परतले आणि कायमचे इथलेच झाले. १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी ‘स्वदेश’ साप्ताहिकाचे संपादन केले. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने लोकहितवादी मंडळ स्थापन झाले. नाव गोपाळ हरी देशमुखांवरून घेतलेले, आणि कामाचा पसारा नाटक, व्याख्याने, सामाजिक उपक्रम असा. मंडळ ही नाशिकची खास संस्था म्हणावी लागेल. त्याला इमारत असलीच पाहिजे असे नाही, घटना आणि वर्गणी पुरते, आणि कार्यकर्ते नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी जमतात. तालीम कोणाच्या तरी वाड्यात होते. शिरवाडकरांसारखा लेखक अशा मंडळात सभासद म्हणून बसत असे, याचा शहरातल्या होतकरू मंडळींवर जो परिणाम झाला तो पुस्तकांच्या यादीत सापडणार नाही. टिळकवाडीतले त्यांचे घर कोणालाही उघडे असे. कवितांची वही घेऊन आलेल्या मुलापासून आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यापर्यंत सगळे तिथे जात. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले १९७० साली, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७४ साली आणि १९८७ सालच्या ज्ञानपीठाने लेखकाचे नाव देशभर झाले. पत्ता मात्र बदलला नाही.

याच गावात वसंत कानेटकर राहत होते. रविकिरण मंडळाचे कवी गिरीश यांचे हे चिरंजीव एचपीटीत प्राध्यापक म्हणून आले आणि नाशिककर झाले. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे त्यांचे पहिले गाजलेले नाटक १९५७ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली आले. नाटक लिहायचे नाशिकला, वाचून दाखवायचे नाशिकच्या मित्रांना, आणि प्रयोग मुंबई-पुण्याच्या संस्थांनी करायचा, ही वाट शिरवाडकरांप्रमाणे त्यांनीही धरली. मराठी व्यावसायिक रंगभूमीचे दोन आघाडीचे नाटककार अनेक वर्षे एकाच गावात राहत होते आणि त्या गावात व्यावसायिक नाट्यसंस्था जवळपास नव्हती.

नियतकालिकांच्या बाबतीत मात्र नाशिकने मुंबई-पुण्याची वाट पाहिली नाही. दादासाहेब पोतनीस यांच्या ‘गावकरी’ वृत्तपत्राने उत्तर महाराष्ट्रात वाचक मिळवला आणि त्याच घरातून ‘अमृत’ हे डायजेस्ट आणि ‘रसरंग’ हे चित्रपट साप्ताहिक निघू लागले. ‘अमृत’चा आकार लहान, किंमत बेताची आणि मजकूर सर्व तऱ्हेचा: चरित्र, विज्ञान, प्रवास, किस्से, अनुवादित लेख. समीक्षकांनी अशा मासिकांकडे कधी वळून पाहिले नाही. खेड्यातला शिक्षक, एसटीने प्रवास करणारा कारकून, शाळकरी मुलगा यांच्या हातात पडणारे वाचन बऱ्याचदा हेच असे. या संस्थेशी बांधलेले कादंबरीकार मनोहर शहाणे ‘अमृत’चे संपादन करीत आणि शहरी मध्यमवर्गाच्या घुसमटीवर ‘धाकटे आकाश’सारख्या कादंबऱ्या लिहीत. रोजची पाने भरणारा माणूसच गंभीर कादंबरीकारही असतो, हे छोट्या शहराच्या पत्रकारितेत विशेष नाही.

इथपर्यंतचे नाशिक मुख्यतः पांढरपेशा वस्त्यांचे. शहराची दुसरी वाङ्मयीन परंपरा वेगळ्या रस्त्याने आली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे रेंगाळला. त्यातून आणि आंबेडकरी जलशांतून गाणी तयार झाली, आणि तीच अनेकांची पहिली पाठ्यपुस्तके ठरली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. लहानपणी शाळा न मिळालेल्या या कवीने मोठेपणी अक्षरे गिरवली आणि हजारो गीते रचली. त्यांचा वाचक आधी श्रोता होता. जयंतीला, सभेला, वस्तीतल्या कार्यक्रमाला गाणे ऐकायचे, तिथेच पातळ कागदावरची गीतांची पुस्तिका घ्यायची आणि ती दुमडून खिशात ठेवायची. ‘वाटचाल’ हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ सालचा. दुकानातल्या मांडणीपेक्षा सभामंडपाच्या दारातली चादर हेच या पुस्तकांचे विक्रीकेंद्र. स्वतंत्र ग्रंथव्यवहार हा शब्द कोठे शोभत असेल तर तो इथे.

बाबुराव बागूल (१९३०–२००८) नाशिकजवळच्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेची पांढरपेशी चौकट मोडली. मुंबईतले कष्टाचे दिवस संपल्यावर ते नाशिकला येऊन राहिले. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी बागूलच होते. टिळकवाडी आणि विहितगाव यांच्यात फार अंतर नाही. नाशिकच्या साहित्यजीवनाचे वर्णन करणारे लेख मात्र बऱ्याचदा टिळकवाडीतच थांबतात.

स्वातंत्र्यानंतर वाचनालयांची चौकट बदलली. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. सावानाला मोठ्या शहरी ग्रंथालयाचा दर्जा लाभला. ग्रंथसंग्रह लाखाच्या वर गेला. देवघेव विभागाचा दिनक्रम मात्र जुनाच राहिला. सभासदाने अनामत ठेवायची, दरमहा वर्गणी भरायची, ठरलेल्या संख्येने पुस्तके न्यायची आणि मुदत टळली की दंड द्यायचा. दिवाळीच्या सुमारास अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन पुढचे काही महिने अंक फिरवायचे, ही मराठी वाचनालयांची सर्वत्र चालणारी योजना इथेही रुळली. एका घरात वाचनालयाचे एक पुस्तक आले की ते आजोबा, सून आणि कॉलेजातली मुलगी असे तिघे वाचून परत जाई. विक्रीच्या आकड्यावरून मराठी वाचक मोजणारे हा गुणाकार हमखास विसरतात.

जिल्हाभरातल्या लिहित्या माणसांना एकत्र आणणारा साहित्यिक मेळावा सावाना भरवत आली आहे. मालेगाव, येवला, निफाड, कळवणकडचे शिक्षक-कवी त्या निमित्ताने शहरात येतात. आमदाराच्या कामाचा गौरव करणारा माधवराव लिमये यांच्या नावाचा पुरस्कारही हेच वाचनालय देते, जे एखाद्या ग्रंथालयाच्या कामात बसते का असे कोणाला वाटले तर नवल नाही. कार्यकारिणीची निवडणूक हा तर नाशिकचा स्वतंत्र उत्सव. पॅनल पडतात, जाहीरनामे निघतात, वर्तमानपत्रांत रकाने भरतात, प्रसंगी वाद न्यायालयापर्यंत जातात. या भांडणांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. तरीही ज्या संस्थेच्या खुर्चीसाठी माणसे भांडतात ती संस्था शहराला अजून महत्त्वाची वाटते, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

नव्वदच्या दशकात साहित्यजीवनाचा मध्य गावठाणातून बाहेर सरकला. वाडे पडून इमारती झाल्या, मध्यमवर्ग कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या वसाहतींत गेला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. त्याच्या कुसुमाग्रज अध्यासनातर्फे पहिल्या कवितासंग्रहाला ‘विशाखा’ पुरस्कार दिला जातो आणि बागुलांच्या नावाचा पुरस्कार कथेसाठी. १९९० साली कुसुमाग्रज प्रतिष्ठान स्थापन झाले. प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ पासून एक वर्षाआड दिला जातो. पहिला मानकरी विजय तेंडुलकर, नंतर विंदा करंदीकर, इंदिरा संत, गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर अशी रांग लागली. २००७ साली तो बाबुराव बागूल यांना मिळाला, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. मधल्या वर्षांत साहित्याबाहेरच्या क्षेत्रांसाठी गोदावरी गौरव असतो. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात ‘विशाखा’ आणि ‘स्वगत’ ही सभागृहे आहेत. पुस्तक प्रकाशन, काव्यवाचन, चर्चा यांसाठी शहरात ती हक्काची जागा झाली.

स्मारक आणि सभागृहे झाली, तरी ग्रंथालयाकडे येणारी पावले कमी होत होती. रहदारी वाढली, घरे दूर गेली, संध्याकाळ दूरदर्शन संचाने व्यापली. यावर प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ साली साधा उपाय काढला: वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तक वाचकाकडे न्यावे. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही ती योजना. शंभर पुस्तकांची एक पेटी तयार करायची आणि एखाद्या सोसायटीत, कॉलनीत किंवा कार्यालयात काही कुटुंबांचा गट जमवून ती त्यांच्या स्वाधीन करायची. गटातल्या एकाने समन्वयक व्हायचे, पेटी आपल्या घरी ठेवायची आणि नोंदी करायच्या. काही महिन्यांनी सगळी पुस्तके मोजून पेटी बंद करायची आणि ती दुसऱ्या गटाकडे जाऊन तिथली पेटी इथे यायची. कोणत्याही दोन पेट्यांत तीच पुस्तके नसावीत, म्हणजे अदलाबदलीला अर्थ राहील, असा हिशेब. वाचकाला वर्गणी नाही. पैसा देणगीदारांचा. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आई-वडिलांची स्मृती अशा निमित्ताने लोक रक्कम देतात आणि त्यातून पेटी उभी राहते.

योजनेची खुबी माणसाच्या स्वभावात आहे. ग्रंथालयातले पुस्तक परत करायचे राहिले तर दंड भरून मोकळे होता येते; शेजारणीच्या घरातल्या पेटीतले राहिले तर जिन्यात रोज तिचे तोंड पाहावे लागते. पुस्तके त्यामुळे परत येतात. पेट्या नाशिकबाहेर महाराष्ट्रभर गेल्या, तुरुंगांत आणि रुग्णालयांत गेल्या, दुबई, टोकियो आणि इतर देशांतल्या मराठी मंडळांकडे पोहोचल्या. १८४०च्या वाचनालयाने पोथीला घराबाहेर काढून कपाटात आणले होते. या योजनेने पुस्तकाला कपाटातून पुन्हा घराच्या दाराशी नेले. दोन्हींत विक्रीला जागा नाही, ही नाशिकची जुनी रीत.

नाशिकमध्ये साहित्य संमेलन १९४२ नंतर २००५ साली भरले. तेव्हा केशव मेश्राम अध्यक्ष होते. त्यानंतरचे २०२१ सालचे ९४वे संमेलन लोकहितवादी मंडळाने आयोजित केले. करोनामुळे मार्चमधली तारीख पुढे ढकलावी लागली आणि ते ३ ते ५ डिसेंबरला शहराबाहेर आडगाव परिसरातल्या शैक्षणिक संकुलात पार पडले. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. एखादा शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक या पदावर प्रथमच निवडला गेला होता, त्यामुळे त्यांची अनुपस्थिती जास्तच जाणवली. संमेलनस्थळी एका संपादक-लेखकावर शाई फेकली गेल्याने त्याची चर्चा वाङ्मयाबाहेरच्या कारणांनीच अधिक झाली. त्याच दिवसांत गंगापूर रोडच्या केटीएचएम महाविद्यालयाच्या मैदानावर पंधरावे विद्रोही साहित्य संमेलन भरले होते. अखिल भारतीय संमेलन शहराबाहेर आणि विद्रोही संमेलन शहराच्या मध्यभागी, हा योग बागुलांना आवडला असता.

पुस्तकांची दुकाने या इतिहासात उशिरा आणि संख्येने थोडी येतात. जुन्या नाशिकमध्ये मेनरोड आणि रविवार कारंजा भागातला पुस्तकविक्रेता हा मुख्यतः शालेय पुस्तके, वह्या आणि धार्मिक ग्रंथ यांवर जगे. जून-जुलैच्या गर्दीत वर्षाची कमाई होई आणि कथा-कादंबऱ्या मागच्या फळीवर असत. निवडक मराठी साहित्य ठेवणारे आणि वाचकाला नावानिशी ओळखणारे दुकान ही कल्पना ज्योती स्टोअर्ससारख्या मोजक्या ठिकाणी रुजली. पुणे-मुंबईचे वितरक मंगल कार्यालयात किंवा सभागृहात आठ-पंधरा दिवसांचे सवलतीचे प्रदर्शन भरवतात, तेव्हा वर्षाची खरेदी तिथेच उरकणारे वाचकही पुष्कळ. दुकानदाराच्या दृष्टीने हा वर्मी घाव असतो. शब्दमल्हारसारखी छोटी प्रकाशने अलीकडच्या काळात शहरात उभी राहिली. संगणकावर अक्षरजुळणी आणि थोड्या प्रतींची छपाई शक्य झाल्यामुळे त्यांना ते परवडले. प्रकाशनगृह काढायला मुंबईची जवळीक आता आड येत नाही, कारण छापखाना आणि टपाल दोन्ही कुठूनही चालतात.

शहराबाहेर ओझरजवळ आग्रा महामार्गावर एका शेतकरी कुटुंबाने चहा-नाश्त्याच्या हॉटेलात पुस्तके मांडली आहेत. ‘आजीच्या पुस्तकांचं हॉटेल’ या नावाने ते ओळखले जाते. मिसळ येईपर्यंत गिऱ्हाईक मोबाइल पाहत बसू नये म्हणून टेबलांजवळ पुस्तके ठेवायला सुरुवात झाली आणि त्यांची संख्या वाढत गेली. भिंतींवर कविता लावल्या आहेत. धुळे-मालेगावकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या थांबतात, मुले चित्रांची पुस्तके उघडतात, काही जण अर्धवट राहिलेले पुस्तक पुढच्या फेरीत वाचायचे म्हणून पान लक्षात ठेवून जातात. पुस्तक इथेही विकत घ्यावे लागत नाही. पैसे फक्त मिसळीचे.